कडेवर मूल, हातात कॅमेरा

बाळाची कुंची कशी शिवायची, याचे व्हिडिओ करायचे म्हणून मी कॅमेरा घ्यायला गेले. यजमानांनी बजावलं होतं, "चुकीचा आणलास, तर व्हिडिओचं नाव काढायचं नाही."

दुकानदार पोतनीसांनी विचारलं, "शिक्षण किती?"

"सातवी."

"मग तुम्हाला काय कळणार? मी इंजिनिअर आहे. मी सांगतो, हा मोठाच घ्या."

मी म्हटलं, "घेते की. पण माझी मुक्ता दिवसभर कडेवर असते. तिला घेऊन चालू करून दाखवा." आणि मुक्ताला त्यांच्या कडेवर दिलं.

एका हाताने कॅमेरा पेलेना. पेलला, तर बटण सापडेना. तेवढ्यात मुक्ताने त्याचा पट्टा तोंडात घातला.

"अहो वहिनी, धरा हिला! याला दोन हात लागतात!"

"साहेब, इंजिनिअरचे दोन हात मोकळे असतील. सातवीवालीचा एकच असतो. एका हाताचा दाखवा."

पोतनीसांनी खालच्या खणातून छोटा कॅमेरा काढला. मुक्ताला कडेवर घेऊन मी अंगठ्याने बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि माझा जीव भांड्यात पडला.

माझा पहिला व्हिडिओ तोच. त्यात पोतनीस पट्ट्यावरची लाळ पुसताना अगदी स्पष्ट दिसतात.