घाटमाथ्याचं आसव

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांना अजून कुणी नावं दिली नव्हती, तेव्हाची.

नदीकाठच्या एका नगरात द्राक्षासवाचा एक व्यापारी राहत होता. आता गोष्ट आसवाची आहे खरी, पण लहानांनी ती ताकाची समजून ऐकावी, काही बिघडत नाही. मोठ्यांनी मात्र नीट कान देऊन ऐकावी, कारण चूक मोठ्यांचीच आहे.

या शेटच्या जिभेचा त्या मुलखात भारी दबदबा होता. चव घ्यायची म्हणजे आदल्या दिवसापासून कांदा नाही, लसूण नाही, मिरची तर नावालाही नाही. पहाटे अंघोळ करून तो तळघरात उतरायचा. तिथे रांजणांच्या रांगेत त्याची मऊ गादी घातलेली असे. घरात कुणी शब्द काढायचा नाही. गादीवर मांडी घालून शेट एक घोट घ्यायचा, डोळे मिटायचा, आणि मग त्याला स्वप्न पडायचं. एका रांजणातल्या घोटाने तो जुन्या आमराईत पोचायचा, दुसऱ्याने निळ्या तळ्याकाठी. एक सात वर्षं मुरलेलं आसव तर असं होतं, की त्याच्या घोटाबरोबर शेटला आपल्या वारलेल्या आईचा आवाज दुरून ऐकू यायचा. डोळे उघडले की तो सांगायचा, हे राजवाड्यात द्या, ते लग्नघरी द्या. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एके दिवशी घाटमाथ्यावरच्या सराईची मालकीण त्याच्याकडे आली. सहा कोसांचा चढ जिथे संपतो तिथे तिची सराई होती. चार खोल्या, एक ओसरी, मागे झरा. नवरा गेल्यापासून ती एकटीच सगळं बघत होती. पण अलीकडे वाटसरू तिच्याकडे टेकत नसत, पाणी पिऊन पुढच्या गावची सराई गाठत. भावाने निरोप धाडला होता, की दसऱ्यापर्यंत बघ, नाही तर मी गाडी घेऊन येतो आणि तुला घेऊन जातो. भाऊ मनाने चांगला होता. पण उतारवयात भावजयीच्या घरी पाहुणी होऊन राहायचं, या विचारानेच बाईचा जीव कासावीस व्हायचा. सराईत चांगलं आसव मिळालं तर लोक थांबतील, असं तिला वाटत होतं. कोणतं ठेवावं ते शेटने सांगावं, एवढंच तिचं मागणं होतं.

शेट विरघळला. दुसऱ्या पहाटे सगळे नेम पाळून त्याने तळघरातली उत्तमातली उत्तम आसवं तिच्यासाठी निवडली. ते सात वर्षांचंही दिलं. कसं वाढायचं तेही समजावलं. पेला लहान हवा, आसपास गलबला नको, पिणाऱ्याने डोळे मिटावेत.

महिनाभराने बाई गाढवावर बुधले लादून परत आली. बुधले जवळजवळ भरलेलेच होते. लोक एक घोट घेतात, तोंड पुसतात आणि पाणी मागून चालू लागतात, असं तिने सांगितलं. गाढवाला गुळाची चव काय, असं शेट मनातल्या मनात म्हणाला. (खरं गाढव बिचारं दारातच उभं होतं, त्याने काही मनावर घेतलं नाही.) शेटने आणखी जुनं, आणखी दाट आसव दिलं. पंधरा दिवसांत तेही परत आलं. दसरा आता तीन आठवड्यांवर आला होता.

या खेपेला बाई बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "शेट, एकदा माझ्याकडे या. पण मेण्यात बसून नको. चालत या."

शेटला राग आला. असली मागणी त्याने उभ्या जन्मात ऐकली नव्हती. पण तिच्या डोळ्यांत त्याला रडू दिसलं आणि नाही म्हणवेना. सकाळी ती दोघं आणि ते गाढव घाटाला लागली.

दुसऱ्या कोसाला शेटचे जोडे चावायला लागले. चौथ्या कोसाला त्याचं बोलणं बंद झालं. पाचव्या कोसाला धुकं उतरलं. पुढे चालणारी बाई दिसेना, मागचं गाढव दिसेना. नुसती त्याच्या गळ्यातली घंटा वाजत होती, आणि ती कुठल्या बाजूने वाजतेय तेही उमगत नव्हतं. झाडं जवळ येत, शेटला बघून घेत आणि मागे सरत. आपण चढतोय की झोपलोय, अशी त्याला शंका यायला लागली. एकदा तर त्याला वाटलं, आपले रांजणच रांगेने वाट चढताहेत आणि धापा टाकताहेत. धापा अर्थात त्याच्याच होत्या.

सराईच्या ओसरीवर एक घोंगडीवाला पाय चोळत बसला होता. बाईने शेटला त्याच्याशेजारी बसवलं. सात वर्षांच्या आसवाचा एक बुधला तिने मागे ठेवला होता, त्यातलं थोडं लहान पेल्यात ओतून दिलं. शेटने डोळे मिटून घोट घेतला.

स्वप्न पडलंच नाही. आमराई नाही, तळं नाही, आईचा आवाज नाही. दाट, गोड घोट कोरड्या घशाला चिकटून बसला आणि पोटऱ्या ठणकत राहिल्या. शेटने पेला खाली ठेवला.

"बाई, आधी जरा पाणी द्या," तो म्हणाला.

घोंगडीवाला हसला. बाई हसली नाही. तिने पाण्याचा तांब्या शेटच्या हातात दिला.

"सगळे हेच म्हणतात, शेट."

शेटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांना त्याने गाढव ठरवलं, ती माणसं ही वाट चढून आलेली होती, आणि तो गादीवर बसून त्यांची चव ठरवत होता. मग त्याने घोंगडीवाल्याला विचारलं, तुम्हाला या घडीला काय प्यावंसं वाटतं? तो म्हणाला, काहीतरी आंबटसं, गार आणि तांब्याभर.

असं आसव शेटकडे होतं. त्याच्या मळ्यात द्राक्षं तुडवणारी माणसं दुपारी पातळ, कोवळं आसव प्यायची. त्यावर शेटने आपली मोहोर कधी उठवली नव्हती, कारण ते पाहुण्यापुढे ठेवायची त्याला शरम वाटायची. चार दिवसांनी तो तेच घेऊन घाट चढला. खाली चाखलं नाही, वर येऊन, दमून चाखलं. तसा तो आणखी दोनदा आला, दर खेपेला वेगळे बुधले घेऊन.

त्याचा सल्ला अखेर असा ठरला. चढून आलेल्याला ते कोवळं आसव द्यावं, झऱ्यात गार करून, मोठ्या पेल्यात. भिजून कुडकुडणाऱ्याला आलं-मिरी घालून कोमट. जेवणासोबत काय हवं ते त्याने पिठलं-भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन ठरवलं. नाकाडोळ्यांतून पाणी वाहिलं, पण निवड अचूक झाली. आणि ते सात वर्षांचं?

"एकच बुधला ठेवा," शेट म्हणाला. "ज्याचे पाय दुखायचे थांबले असतील, त्यालाच द्या. त्याला पडतील स्वप्नं."

यानंतर कुणीही निवड विचारायला आलं, की रांजणाला हात लावायच्या आधी शेट विचारायचा, पिणारा कुठून येणार आहे? आणि जवळपास असेल तर स्वतः चालत जाऊन बघून यायचा.

दसऱ्याला बाईचा भाऊ आला. गाडी पायथ्याशी सोडून तो घाट चढून वर पोचला, तर ओसरीवर बसायला जागा नव्हती. बहिणीने त्याच्या हातात गार पेला दिला, भाकरी तव्यावर आहे म्हणाली आणि आत पळाली. भावाने पेला एका दमात रिकामा केला आणि दुसरा मागितला. बहिणीला न्यायचं कसं बोलायचं, ते त्याने वाटभर घोकलं होतं. संध्याकाळपर्यंत तो कोपऱ्यात बसून तिची लगबग बघत राहिला आणि त्यातला एकही शब्द बोलला नाही. सकाळी तो एकटाच घाट उतरला. तो वळणाआड गेला तेव्हा बाईला आनंदाने रडू आलं, आणि ओसरीवरच्या हाकांना ओ देत देतच तिने डोळे पुसले.

तात्पर्य: दुसऱ्यासाठी निवड करायची, तर आधी त्याची वाट चालून बघावी, बसल्या जागी दुसऱ्याची तहान कळत नाही.