केसांची फुली

"नेम कशावर धरून जुळवलास?" इसाकबाबांनी विचारलं.

शेवंती दुर्बिणीच्या पाठीवर नळी आवळत होती. जुन्या पेनाची नळी, सायकलच्या ट्यूबचं रबर, खाली टेकू द्यायला तीन काड्या. नळीच्या तोंडाशी तिने आपलेच दोन केस आडवे-उभे चिकटवले होते. त्यांची झाली फुली.

"आधी बघा तर खरं, बाबा. मग विचारा."

"मी काय बघणार? माझ्या डोळ्यांत दूध सांडलंय." बाबा हसले. "हात लावून कळतं तेवढं कळतं. दुर्बिणीच्या बोडक्यावर बुगडी घातलीस तू."

"बुगडी नाही ती. आता बोट शोधायला घटकाभर लागायची नाही. फुली बोटीवर आणायची, की खाली दुर्बिणीत बोट हजर."

खोटं नव्हतं ते. ती दुर्बीण लांब पल्ल्याची, तिपाईवर बसवलेली, एका डोळ्याने बघायची. तिच्यात समुद्र दिसायचा तो ताटलीएवढा. त्या ताटलीत बोट सापडेपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा.

आणि शेवंतीला आज दम नव्हता. घरधन्याची बोट काल दुपारी यायची होती. चौघं जण गेले होते. काल सांजही टळली, आजची दुपारही कलत आली, आणि समुद्रावर सकाळपासून धुरकट पडदा.

दर्ग्याच्या या टेकाडाखाली खाडीचं तोंड आहे. तोंडाशी एक खडक. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला बुडतो. गाव त्याला सासू म्हणतं, कारण दिसत नाही तेव्हाच जास्त लागते. म्हणून टेकाडावर हिरव्या फडक्याचा बांबू. बोट दिसली की बांबू झुकवायचा. ज्या अंगाला फडकं झुकेल, त्या अंगाने बोट घ्यायची. चाळीस वर्षं हे काम इसाकबाबांनी केलं. आता डोळे गेले. या उरुसाला बांबू शेवंतीच्या हाती द्यायचं त्यांनी गावाला सांगितलं होतं.

उंडीच्या झाडाला झोळी टांगलेली. झोळीत शेवंतीची सहा महिन्यांची लेक. झोळीची दोरी बाबांच्या पायाच्या अंगठ्याला. अंगठा हलला की झोळी हले.

"सांगितलं नाहीस," बाबा म्हणाले. "नेम कशावर धरलास?"

"पलीकडच्या दीपस्तंभावर धरणार होते. तो धुरात गेलेला. मग... खडकावर एक माणूस उभा होता, त्याच्यावर धरला."

"माणसावर?"

"हलत नव्हता हो. मी आधी त्याला दुर्बिणीत घेतला, तिपाईचा स्क्रू आवळला. मग काड्या सरकवत सरकवत फुली बरोब्बर त्याच्यावर आणली. तासभर लागला. तेवढ्यात तो इकडचा तिकडे झाला नाही."

"काय करत होता?"

"काय करणार? कालवं काढायला आला असेल. ओहोटी होती."

"वाकत होता?"

"...नाही."

"कालवं काढणारा वाकतो, गो."

शेवंतीने पदराने कपाळ पुसलं. वारा अजिबात नव्हता, फडकं बांबूला चिकटून लोंबत होतं.

"आता पाणी किती चढलंय?"

"खडक बुडाला. मघाशीच." ती घाईने म्हणाली, "गेला असेल तो. होडी असेल त्याची."

"बघ."

ती तिपाईपाशी उकिडवी बसली. डावा डोळा मिटला, उजवा काचेला लावला.

माणूस होता.

खालचा खडक कमरभर पाण्यात, आणि पाणी त्याच्या घोट्यांपाशी. पाठ इकडे. अंगात निळा सदरा.

"आहे?" बाबांनी विचारलं.

"आहे..."

"मग दुसरीकडे फिरव. बोट शोध. नेम कसा चालतो ते मला ऐकू दे."

तिने स्क्रू सैल केला. फुली उघड्या समुद्रावर नेली. तिथे निव्वळ पाणी होतं, नळीतून स्पष्ट दिसत होतं. तिने डोळा खाली दुर्बिणीला लावला.

माणूस होता.

तिने फुली सुरूच्या बनावर आणली. दुर्बिणीत माणूस. फुली उलट फिरवून आकाशावर नेली, जिथे एक पाखरूसुद्धा नव्हतं.

माणूस. आता जवळ.

"बाबा, नळीत काही गडबड आहे..."

"गडबड कसली? तूच म्हणालीस, बरोब्बर जुळलीय. सदरा कसला आहे?"

शेवंतीने काच पदराने पुसली, पुन्हा डोळा लावला.

"विचारतोय मी."

"निळा. मागे खांद्यावर फाटलेला. तिथे... तिथे लाल दोऱ्याने शिवलेला. निळा दोरा संपला होता घरातला. मी म्हटलं, खांद्यावर कोण बघतंय."

झोळी हलायची थांबली.

शेवंतीने ते ऐकलं. दोरीची करकर बंद पडलेली तिने ऐकली, पण डोळा काचेवरून निघेना. काढवेना. तिला वाटलं, आपण डोळा काढला तर तो वळायचा. आणि डोळा ठेवला तरी तो वळायचा.

बाबांनी अंगठ्यातली दोरी सोडली. चाचपडत पुढे आले. आपला रुंद, खरखरीत तळवा त्यांनी दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर सपाट ठेवला.

"आता काय दिसतं?"

काळोख दिसायला हवा होता.

"दिसतो," शेवंती म्हणाली. "अजून दिसतो. मान वळवतोय, बाबा..."

"माझ्या हातातून?"

"हो..."

बाबांनी तळवा न हलवता कान समुद्राकडे केला. मग म्हणाले, "डावा डोळा का मिटलास?"

"एका डोळ्यानेच बघतात ना..."

"उघड तो."

"पण बाबा..."

"उघड म्हणतो ना! इंजिन वाजतंय मघापासून!"

तिने डावा डोळा उघडला.

आधी प्रकाश. मग पाणी, सगळंच्या सगळं, कडेपासून कडेपर्यंत. आणि त्या पाण्यावर, दुर्बिणीची काहीच गरज नाही इतकी जवळ, बोट. काळं नाक, पिवळा पट्टा. पडद्यातून नुकती बाहेर आलेली, आणि सरळ सासूच्या अंगावर निघालेली.

शेवंती उठली तशी तिपाई कलंडली. बांबू तिने दोन्ही हातांनी उपसला आणि दक्षिणेला असा झुकवला की फडकं जमिनीला टेकलं.

बोट आलीच. आलीच.

"बघा हो! इकडे बघा!" नवऱ्याचं नाव तिने आजवर घेतलं नव्हतं. आज घेतलं. "जनार्दन! दक्षिणेला घे रे!"

बोटीचं नाक हललं. मग सगळी बोट कुशीवर वळल्यासारखी वळली. जिथे खडक होता तिथे पाण्याला पांढरी सुरकुती पडली, आणि बोट तिच्या बाजूने, हातभर अंतराने, खाडीत शिरली.

शेवंतीने मोजले. एक, दोन, तीन, चार.

चौथा सुकाणूपाशी होता. उघडा, कमरेला पंचा. त्याने वर बघून ओरडून सांगितलं, "इंजिनाचा पंखा जाळ्यात अडकला होता गो! आणि नाव कुणाचं घेतेस चारचौघांत?"

बाकीचे तिघं हसले. ते हसणं टेकाडापर्यंत आलं.

शेवंती खाली बसली. बांबू तिने सोडला नव्हता. बोट वळणाआड गेली तेव्हा कुठे ती म्हणाली, "सदरा... यांच्या अंगात नव्हता."

"घामाने भिजला असेल. वाळत घातला असेल," बाबा म्हणाले. त्यांनी झोळीची दोरी शोधून पुन्हा अंगठ्यात अडकवली.

करकर सुरू झाली. लेक झोपेतच चुळबुळली आणि शांत झाली.

दुर्बीण गवतात आडवी पडली होती. टेकूच्या काड्या विखुरल्या होत्या, पण नळी रबरात तशीच घट्ट होती. फुलीचा एक केससुद्धा तुटला नव्हता. शेवंतीने हात पुढे केला, मग मागे घेतला.

"बाबा... तो कोण होता?"

बाबांची पांढरी बुबुळं समुद्राकडे होती.

"नेम तू धरलास, गो. नाव मला काय विचारतेस?"