नेमू कासाराचं कार्ड

एका गावात शहाणे पुष्कळ होते. भोळा एकच. नेमू कासार.

त्याने बँकेच्या कार्डावर बांगड्यांसाठी काचेचं कपाट घेतलं. बारा हजारांचं. बारा हजार फेडलेही. तरी बँकेने व्याजावर व्याज चढवलं आणि ऐंशी हजारांचा दावा लावला. हरला तर दुकान जाणार. बायको पद्मा त्याला चौगुले वकिलांकडे घेऊन गेली.

वकील म्हणाले, "सहीचा कागद नाही, तर वसुली नाही. कुणीही मागायला आलं की म्हणायचं, सहीचा कागद दाखवा."

"बरं," नेमू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुताराची आक्का आली. "नेमू, दोन डझन हिरव्या बांगड्या दे रे."

"सहीचा कागद दाखवा."

"कसला कागद? हात बघ माझा. सव्वादोनचं माप."

"हातावर सही नाही."

आक्का शिव्या देत गेली.

वकील चिडले. "अरे, गिऱ्हाइकाला कागद मागतात का? दारी आलेल्याला बसवायचं, चहा पाजायचा, मागेल ते काढून द्यायचं."

"बरं."

मग बँकेचा वसुलीवाला आला. नेमूने त्याला बसवलं. चहा पाजला.

"ऐंशी हजार आहेत?"

"नाहीत."

"मग हे कपाट द्या."

नेमूने दिलं. टेम्पोत चढवायला हातही लावला.

संध्याकाळी बांगड्या जमिनीवर. पद्मा ओरडली, "अहो, कपाट कुठंय?"

"गिऱ्हाईक घेऊन गेलं."

"आणि पैसे?"

"पैसे तोच मागत होता."

वकिलांनी कपाळाला हात लावला. "बँकेला टाचणीसुद्धा द्यायची नाही! द्यायचं ते कोर्टाला. न्यायाधीशसाहेब मागतील ते तेवढं लगेच हजर करायचं. हयगय नको."

"बरं."

तारीख आली. न्यायाधीशांनी बँकेच्या वकिलाला विचारलं, "कार्डाचा सहीचा मूळ अर्ज कुठे आहे?"

"सापडत नाही, साहेब. झेरॉक्स आहे."

"झेरॉक्स चालणार नाही. मूळ अर्ज पाच वाजेपर्यंत हजर झाला पाहिजे. नाहीतर दावा फेटाळतो."

चौगुले वकील गालात हसले. पद्माने पदराने घाम पुसला. नेमू गुपचूप उठला आणि त्याने गावाची एसटी धरली.

तो धापा टाकत परत आला तेव्हा त्याच्या काखेत एक तसबीर होती. आत तोच अर्ज. चार वर्षांपूर्वी बँकेचा माणूस झेरॉक्स घेऊन गेला आणि मूळ दुकानातच विसरला. आपली सही कागदावर झोकदार उमटली म्हणून नेमूने तो काचेत मढवला होता. दर लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लावत होता. पद्माला वाटायचं, सातवी पासचं सर्टिफिकेट.

"ही सही तुमचीच?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझीच, साहेब. मूळ आहे. झेरॉक्स नाही."

बँकेच्या वकिलाने हात पुढे केला. नेमूने तसबीर छातीशी धरली. "तुम्हाला नाही. ही कोर्टाची."

दावा मंजूर झाला. चौगुले वकील मटकन खाली बसले. नेमू त्यांच्यापाशी गेला आणि ताठ उभा राहिला.

"वकीलसाहेब, हयगय केली नाही. पाचाला अजून दहा मिनिटं आहेत."