न मोडलेल्या पायाची कांडवेल

घाटाखालच्या एका बाजारगावात एकदा एक वृद्ध हाडवैद्य राहत असे. पंचक्रोशीत कुणी झाडावरून पडो की कुणाला बैल तुडवो, माणसे गाडी जुंपून त्याच्याच दाराशी येत. सगळे त्याला बुवा म्हणत. बुवांच्या घरामागच्या परड्याचे कुंपण कांडवेलीने झाकून गेले होते. ही वेल तुम्हीही कुठेतरी पाहिली असेल. पाने तिला नावापुरतीच. सारा जीव त्या चौधारी, मांसल, हिरव्या कांडात. बोटभर वाढली की एक सांधा, पुन्हा बोटभर, की पुन्हा सांधा. कुठलेही पेर तोडून मातीत खोचले तरी ते जीव धरते. तिच्या कोवळ्या शेंड्यांची चिंच घालून केलेली चटणी बुवा पोट बिघडलेल्याला देत. पण तिची खरी ख्याती हाडांसाठी. ती ठेचायची, उडदाच्या पिठात कालवायची, मोडल्या जागी जाड लेप द्यायचा आणि वरून बांबूच्या कामट्या बांधायच्या.

ठेचण्याचे काम सिदनाथाकडे होते. हा बुवांचा शिष्य चाळिशीला आलेला होता. पूर्वी तो देवळात पुराण सांगत असे. वडिलांचे कंबरेचे हाड मोडले आणि ते अंथरुणाला खिळले, तेव्हा पुराण सुटले. वडिलांचे सारे त्याने एकट्याने केले, वर्षानुवर्षे केले, आणि ते गेल्यावर रिकाम्या घरात बसवेना म्हणून तो बुवांकडे विद्या शिकायला आला. वेलीच्या चिकाने त्याच्या हातांना खाज सुटे, रात्री खांदे भरून येत. पण बुवांच्या एका वचनावर त्याची अढळ श्रद्धा होती. पहिल्याच दिवशी बुवांनी सांगितले होते, "सिदनाथ, जिथं मोडलेलं नाही तिथं बांधायचं नाही. निरोगी सांधा बांधून ठेवला तर तो आखडतो. आणि रोग्याशी खोटं बोलायचं नाही. हाताखाली जे लागलं, तेच तोंडातून आलं पाहिजे."

एके दिवशी सकाळी गावातल्या कापडाच्या व्यापाऱ्याची गाडी दाराशी थांबली. व्यापाऱ्याची बायको, शिवगंगा, नदीच्या पायऱ्यांवर धुण्याच्या पिळ्यांसकट घसरून पडली होती. त्या घरची ही थोरली सून. दीर, जावा, त्यांची पोरे, येणारे-जाणारे गुमास्ते, सगळ्यांचे ताट तिच्या हातून वाढले जाई. व्यापारी घाबरला होता. गाडीच्या शेजारून धावत आल्याने त्याला धाप लागली होती.

"बुवा, घोटा सुजलाय. मोडला तर नाही ना? पुढच्या आठवड्यात माझी बहीण सासरच्या माणसांना घेऊन यायची आहे. तोवर उभी राहील ना ही?"

 बुवांनी शिवगंगेला आत भिंतीशी बसवून तिचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याने घोट्याभोवती दाबत, चाचपत गेले. त्यांच्या सांगण्यावरून सिदनाथानेही हात लावून पाहिला. हाड अभंग होते. घोटा थोडा मुरगळला होता, इतकेच. दोन दिवसांत सूज उतरली असती. सिदनाथाने मान वर केली, आणि पाहतो तो शिवगंगा झोपलेली. भिंतीला डोके टेकून, तोंड किंचित उघडे, गाढ. दुखरा घोटा दोन माणसे दाबत होती आणि तिला जाग नव्हती.

बुवा तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले, "हाडाला चीर गेली आहे. पाय जमिनीला लावायचा नाही. अमावास्येपर्यंत अंथरुणातून उठवायची नाही. चुलीपाशी नाही, पाण्याला नाही, कुठंच नाही. ऐकलं नाही तर जन्माची लंगडी होईल."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "अमावास्येपर्यंत?"

"सिदनाथ, वेल काढ."

सिदनाथाने वेल तोडली, ठेचली, पीठ कालवले. हात नेहमीचे काम करत होते, पण कान तापले होते. बुवांनी लेप दिला, कामट्या लावल्या, आणि पट्टी मात्र सैल बांधली. निरोगी सांधा आखडू नये म्हणून, हे सिदनाथाला लगेच उमगले, आणि त्याला त्या सैल पट्टीचाच अधिक राग आला. गाडी गेल्यावर त्याने विचारले, "बुवा, तिथं काय मोडलं होतं?"

"दमलोय रे. नंतर बोलू," असे म्हणून बुवा खाटेवर आडवे झाले.

दर दोन-तीन दिवसांनी लेप बदलायला सिदनाथच व्यापाऱ्याच्या घरी जाई. पहिल्या खेपांना शिवगंगा नुसती झोपलेली असे. लेप सोडला काय, बांधला काय, तिला पत्ता नसे. बाहेर मात्र घराची घडी विस्कटली होती. जावा एकमेकींवर धुसफुसत, पोरे भुकेने किरकिरत. व्यापारी स्वतः घागर घेऊन आडावर जाताना दिसला. आणि घरची म्हातारी, व्यापाऱ्याची आई, जिला सगळे अव्वा म्हणत, ती चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. अव्वा करारी बाई. तिच्या नजरेपुढे कुणी मोठ्याने हसत नसे. सिदनाथ ओसरीवरून जाताना ती तव्यावरून नजर काढून त्याच्या हातातल्या वेलीकडे पाही, आणि त्याला वाटे, आपल्या पाठीवर कुणीतरी 'लबाड' असे लिहिले आहे. ही गोष्ट बाहेर आली तर बुवांच्या दारात कोण येईल? इतक्या वर्षांचे नाव एका पट्टीत बुडेल.

एका दुपारी त्याला शिवगंगा जागी दिसली. डोळ्यांखालची काळी वर्तुळे थोडी निवळली होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "दादा, आज कुणी नव्हतं तेव्हा मी पाय टेकून बघितला. दुखला नाही. नीट उभी राहिले." आणि मग तिचे डोळे भरले. "घरात सांगू का? बाहेर अव्वांचे हात भाजताहेत. मी इथं पडून राहते आणि मला... मला बरं वाटतं, दादा. याचं पाप लागेल का?"

 "बुवांना विचारून सांगतो," एवढे बोलून सिदनाथ बाहेर पडला आणि तडक परड्यात गेला. बुवा कुंपणाशी वेलीचे सुकलेले फाटे काढत होते.

"बुवा, आज सांगाच. तुमच्या तोंडून मी खोटं ऐकलं. त्या बाईचा पाय धड आहे, तिलाही कळलंय. मग तुम्ही मला शिकवलं ते काय?"

बुवा सावकाश खाली बसले. त्यांचे गुडघे वाजले.

"खोटंच आहे ते," ते म्हणाले. "पुण्य म्हणून नाही केलं मी. सिदनाथ, आपण घोटा दाबत होतो आणि ती बाई झोपी गेली. चाळीस वर्षं मी हाडं बसवतोय, असं दोनदाच बघितलं. इतकी थकलेली माणसं फार दिवस टिकत नाहीत. मी व्यापाऱ्याला सांगितलं असतं की तुझी बायको दमली आहे, तर तो काय म्हणाला असता? दमतात सगळेच. आणि तो खोटं बोलला नसता, तोही दमलेलाच आहे. या मुलखात हाड मोडलं तर माणसाला निजायची मुभा मिळते. दुसरं काही मोडलं तर मिळत नाही. थकव्यावर माझ्या परड्यात वेल नाही. असती तर तीच बांधली असती. वडिलांचं करत होतास तेव्हा गाव तुझ्या घरावरून जात होतं. हा माणूस झोपतो कधी, असं कुणी विचारलं?"

सिदनाथ उभाच राहिला. कुणी विचारले नव्हते. स्वतः त्यानेही कधी स्वतःला विचारले नव्हते.  आत जे हलले ते दुःख होते की नुसता जुना शीण, हे त्याला कळले नाही.

"आणि उद्या कुणी मला सरळ विचारलं तर?" त्याने विचारले.

"तर तुला जे जमेल ते कर," बुवा म्हणाले. "माझं खोटं तू डोक्यावर घ्यावंस असं मी सांगणार नाही."

पुढच्या खेपेला घर पाहुण्यांनी भरलेले होते. सिदनाथाने लेप सोडायला घेतला, एवढ्यात अव्वा आत आली. पिठाचे हात पदराला पुसत तिने दारातल्या पोरांना हाकलले आणि दार लोटून घेतले. शिवगंगेने मान भिंतीकडे वळवली.

"सिदनाथ, तुम्ही पुराण सांगायचात. देवाच्या दारात बसलेला माणूस. मला खरं सांगा. हिचं हाड मोडलंय का?"

सिदनाथाने तोंड उघडले. 'हो' म्हणवेना. 'नाही' म्हणवेना. तो खाली पाहून गप्प राहिला, आणि आपले मौनच उत्तर झाले हे त्याच्या ध्यानात आले.

अव्वा खाटेच्या पायथ्याशी टेकली. तिच्या मनगटावर चटक्याचे लाल वळ होते.

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," ती म्हणाली. "मोडलेल्या पायाला इतकी सैल पट्टी कुणी बांधतं होय? धाकट्याच्या बाळंतपणानंतर मी माडीवरून पडले होते. हा हात मोडला. खरोखरीचा मोडला. हीच वेल बांधली होती. ठणका असा, की डोळ्यापुढं अंधारी यायची. तरी रोज सकाळी उठून मी देवाला सांगायची, आज जुळू देऊ नको रे." ती थांबली. "जुळला. मग उठले, ते आजवर."

 शिवगंगेचे खांदे हलत होते. अव्वाने तिच्याकडे पाहिले नाही. फक्त तिच्या पायावरचे पांघरूण सारखे केले.

"माझ्या लेकीच्या सासरची माणसं चौकस आहेत," ती सिदनाथाला म्हणाली. "जरा घट्ट दिसेल असं बांधा. आणि वैद्यबुवांनी कुठवर सांगितलंय?"

"अमावास्येपर्यंत."

"पौर्णिमेपर्यंत सांगा."

सिदनाथाने पट्टी पुन्हा बांधायला घेतली. अव्वाने तिचे टोक धरले. गाठ मारून झाल्यावर तो उठला, ओसरीवर पाहुण्यांसोबत बसलेल्या व्यापाऱ्यापुढे उभा राहिला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "चीर खोल आहे. पौर्णिमेपर्यंत उठवू नका."