पाटाच्या शेवटचं रान

एकदा एका गावात पाण्याचा कारभारी निवडायची वेळ आली. गाव बंधाऱ्यावर जगत होतं. बंधाऱ्यातून एकच पाट निघे आणि साऱ्या शिवारातून वाहत जाई. कोणाच्या रानात किती वेळ पाणी सोडायचं, हे कारभाऱ्याच्या हाती. निवड सुपारीने होई. दोन उमेदवारांची दोन मडकी पडद्याआड ठेवत आणि घरटी एकाने आत जाऊन हव्या त्या मडक्यात सुपारी टाकायची. कुणी कुठे टाकली, ते देवालाच ठाऊक.

गावाबाहेरच्या आश्रमात एक वृद्ध आचार्य राहत. त्यांचा एक शिष्य याच गावातला. त्याच्या थोरल्या भावाचा पानमळा पाटाच्या शेवटाकडे होता आणि पाणी तिथवर पोचत नसल्याने नागवेली पिवळ्या पडू लागल्या होत्या. वेल एकदा वाळली की पुन्हा मळा उभा करायला वर्षं जातात. भाऊ म्हणाला, "मला काही सुचत नाही बाबा. तू गुरुजींना विचार. ते सांगतील त्या मडक्यात सुपारी टाकतो. पण हा उन्हाळा काही मळा काढत नाही, एवढं त्यांच्या कानावर घाल."

शिष्य मुळातच संशयी. कारभारी म्हटला की कुंपणच शेत खाणार, ही त्याची खात्री. यावेळी मात्र एका माणसाबद्दल त्याचा संशय मावळला होता. दामोदरपंत हे गोड स्वभावाचे गृहस्थ. शिष्याचे वडील गेले तेव्हा ते स्मशानात शेवटपर्यंत थांबले होते, ढसाढसा रडले होते. आता सभेत ते सांगत, "शेवटच्या वाफ्याला आधी पाणी, मग माझ्या उसाला!" दुसरा उमेदवार भिकाजी. कंजूष आणि तोंडाचा फटकळ. शेजाऱ्याचं वासरू रानात शिरलं म्हणून त्याने ते कोंडवाड्यात घातलं होतं. सभा घ्यायच्या भानगडीत तर तो पडलाच नव्हता.

"गुरुजी, आज दामोदरपंतांची सभा आहे. ऐकायला येता?" शिष्याने विचारलं.

आचार्य सभेकडे फिरकलेच नाहीत. ते बंधाऱ्यावर गेले, धोतर वर खोचलं आणि सरळ पाटात उतरले. "ये माझ्या मागून," एवढंच म्हणाले. सभेला निघालेले लोक बघून हसत होते. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिल्या रानापाशी पाणी पोटऱ्यांना लागत होतं. ते रान दामोदरपंतांचं. ऊस डोक्यावर गेलेला. पुढे कुणी पाटात दगड लावून पाणी आपल्याकडे वळवलं होतं, कुणी चक्क काठ फोडला होता. पाणी घोट्यांवर आलं, मग पायाखाली नुसता चिखल राहिला. भावाच्या मळ्यापाशी तोही सुकून त्याला भेगा पडल्या होत्या. त्याच्याही पलीकडे, पाट जिथे संपतो तिथल्या करपलेल्या रानातून कुणीतरी खेकसलं, "ओ म्हातारबा! पाटात फुगड्या घालताय होय? काठ ढासळतोय, निघा बाहेर!"

तो भिकाजी होता, आपल्याच रानात उभा. आचार्यांनी हात जोडले, ते बाहेर आले आणि शिष्याला हळूच म्हणाले, "भावाला सांग, सुपारी याच्या मडक्यात."

शिष्य चपापला. त्याच्या मनात नको तो विचार आला आणि तो बोलूनही गेला, "गुरुजी, राग मानू नका. भिकाजीने आश्रमाला काही दिलंय का?"

आचार्य खदखदून हसले. "भिकाजी? आणि देणार? पण विचारलंस ते उत्तम केलंस. संशय माझ्यावरही घेत जा. तुझं चुकतं ते इतकंच, की माणूस गोड बोलला की तुझा संशय झोपी जातो. पंतांचे अश्रू खोटे होते, असं मी म्हणत नाही. पण त्यांचं रान पहिलं. ते भिजलं की पुढे पाट कुणी फोडला, याची खबर ठेवायचं त्यांना कारणच उरत नाही. ते काही वाईट करणार नाहीत, नुसते विसरतील. भिकाजीला विसरणं परवडायचं नाही. त्याचं पाणी तुम्हा सगळ्यांच्या रानांवरूनच यायला हवं."

"आणि त्याने जास्त ओढून घेतलं तर?"

"तर ते तुमच्या डोळ्यांदेखत जाईल. वर अडलेलं पाणी तुम्हाला कधी दिसलं का? अरे, माणूस चांगला की वाईट, हे ओळखायला जन्म पुरत नाही. त्याचं रान कुठे आहे, ते एका दुपारी कळतं."

थोडक्या सुपाऱ्यांनी का होईना, भिकाजी निवडून आला. वेळी-अवेळी शिव्या देत पाटाकाठी हिंडू लागला, दगड उपटून फेकू लागला. वरच्या रानांतले लोक त्याच्या नावाने बोटं मोडत. पाणी मात्र शेवटपर्यंत पोचलं आणि उन्हाळ्यातही मळा तगला. शिष्याला इतका आनंद झाला की तो वेलींना हात लावत मळाभर फिरला.

पुढे कारभाऱ्याची मुदत संपत आली. गावाने भिकाजीचा सत्कार ठरवला. भावाने घरच्या पानांचे विडे तबकात रचले. "देवमाणूस रे! मी उगाच नावं ठेवत होतो. यंदाही सुपारी त्यालाच."

शिष्याने सहज विचारलं, "त्याचं ते शेवटचं रान काय म्हणतंय?"

"ते? विकलं की मागेच. आता बंधाऱ्याला लागून घेतलंय. कष्टाचं चीज झालं हो बिचाऱ्याच्या."

शिष्य म्हणाला, "दादा, विडा दे त्याला. काम केलंय, त्याचा मान त्याला मिळायलाच हवा. सुपारीचं मात्र इतक्यात ठरवू नकोस."

"म्हणजे? आता भिकाजीवरही विश्वास नाही तुझा?"

"भिकाजीवर कधी होता, दादा? विश्वास त्याच्या तहानेवर होता. ती आता भागली."