काहिलीचा दांडा

"मग चेंडू वर गेला की 'सोड' म्हणू, की 'मागं'? एकच सांगा, वस्ताद. उद्या सकाळी मॅच आहे."

हिंदुराव वस्ताद काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत उकळणाऱ्या उसाच्या रसाकडे बघत होते. चाळीस वर्षं त्यांनी दोनच कामं केली. कोल्हापुरात तालमीच्या पोरांना फुटबॉल शिकवला आणि हंगामात गुऱ्हाळावर गूळ उतरवला. बोलण्यातली काटकसर दोन्हीकडे सारखीच.

समोर उभा होता इंद्रजित, चौदा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल टीमचा कोच. गळ्यात शिट्टी, खिशात कोचिंगच्या परवान्याचं कार्ड आणि वहीत छत्तीस शब्द. दाब, फीर, पसर, सोड... धावत्या पोरींच्या कानात लांबलचक वाक्य शिरत नाही, म्हणून एकेका हालचालीला एकेक शब्द. युक्ती चांगलीच होती. तिच्यावरून तो स्वतःची पाठ जरा जास्तच थोपटून घ्यायचा, एवढंच.

मग महिन्यापूर्वीच्या मॅचमध्ये एका उंच चेंडूवर त्याच्याच टीममधल्या आफरीन आणि राजनंदिनी एकमेकींवर आदळल्या. आफरीनच्या भुवईवर सात टाके पडले.

"मी 'जा' म्हणून ओरडलो," इंद्रजित म्हणाला. "शब्दच चुकला माझा. आदळल्या त्या क्षणी दोघी माझ्याकडं बघत होत्या, वस्ताद. ते डोळे मला झोपू देत नाहीत."

वस्तादांनी झाऱ्यानं रस ढवळला.

"डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली आहे. उद्या आफरीन उतरणार. पण आता चेंडू वर गेला की सगळ्या पोरी जागच्या जागी थिजतात. आणि मी तर वहीतला एकही शब्द ओरडायला धजत नाही."

दुधानं तोंड पोळलेला ताकसुद्धा फुंकून पितो म्हणतात. हा आता पाण्यालाही भीत होता. पुन्हा एखादी पोर रक्तबंबाळ झाली तर तिच्या आईबापांना काय तोंड दाखवायचं, या विचारानं त्याला दरदरून घाम फुटायचा.

वस्ताद उठले.

"पाक झाला. आज एक गडी कमी हाय. शिट्टी खुंटीला लाव आणि दांडा धर."

काहिलीच्या कड्यांत दोन दांडे घातले होते. चार टोकांना चार माणसं. चुलवाणाच्या भट्टीपासून गूळ ओतायच्या वाफ्यापर्यंत चार पावलं.

"मला सवय नाही, वस्ताद."

"हात सुटतोय वाटलं तर 'टेक' म्हणायचं. दुसरं काय बोलायचं न्हाई."

काहील उचलली गेली. वाफ इंद्रजितच्या डोळ्यांना झोंबली. पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडलं. घामानं तळवा ओला झाला आणि दांडा बोटांतून सरकू लागला.

पाक काठाशी आला. समोरच्या गड्याचे पाय अनवाणी होते.

वस्ताद हातभर अंतरावर उभे होते. त्यांची नजर थेट त्याच्या बोटांवर होती. आता बोलतील... आता बोलतील...

"टेक!"

ओरडला तो इंद्रजितच. चौघंही एकदम वाकले आणि काहील जमिनीवर टेकली. पाकाचा एक थेंबही सांडला नाही. एका गड्यानं त्याच्यापुढे कोरडं फडकं धरलं. त्यानं हात पुसले, दांडा पुन्हा धरला आणि उरलेली दोन पावलं पार केली. पाक वाफ्यात ओतला गेला.

मग मात्र तो तिथंच खाली बसला.

"माझा हात सुटत होता. तुम्हाला दिसत होतं की."

"दिसत हुतं."

"मग तुम्ही ओरडला का नाहीत? तो गडी भाजला असता."

वस्ताद फावड्यानं पाक ढवळत राहिले. कडेचा गूळ घट्ट होऊ लागला होता.

"मी ओरडलो असतो," ते म्हणाले, "तर त्या दोन पोरींगत तू माझ्याकडं बघितलं असतंस."