ठमाईचा न संपलेला सांगावा

आडाला कठडासुद्धा नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. नीट बसा, मधे चुळबुळ नको.

हिवरगावात कुणी मेलं की मौतीचा सांगावा महारवाड्यातला गडी घेऊन जायचा. रीत कडक. सांगावा पुरा होईस्तोवर ऐकणाऱ्यानं चूल पेटवायची नाही आणि सांगणाऱ्याला अडवायचं नाही. अडवलं तर पुढची मौत त्याच घरात! बाईनं मात्र सांगावा न्यायचा नाही, चारचौघांत तोंडच उघडायचं नाही.

त्याच महारवाड्यातली ठमाई, पण तिचं तोंड कुठलं मिटतंय! जात्यावर बसली की ओव्या जुळवायची. नवरा भिकाजी मारायचा, तर त्या माराचीही ओवी करायची.

एका होळीला तिची लेक तानी तापानं फणफणली, पाणी मागू लागली. ठमाई घागर घेऊन आडाच्या ओट्याखाली बसली. आडाला शिवायची बंदी. वरून कुणी ओतेल तेव्हा पाणी. "ओता गं माय, पोर जळतीय!" पण ज्याच्या त्याच्या घरी पुरणाची घाई. ऊन कललं. ती रिकामी घागर घेऊन परतली, तेव्हा तानी गार पडली होती.

ठमाईला बसवेना, उभं राहवेना. ती तडक गावात शिरली. "सांगावा आणलाय! माझी तानी गेली!"

बाईनं आणला तरी सांगावा तो सांगावा. गावानं भिऊन चुली विझवल्या.

*आड भरलेला भरलेला, घागर माझी गं रिकामी*
*पाणी पाणी करून गेली, सांगा, तिला काय सांगू मी?*

ओवीला ओवी लागत गेली. पाटील ओरडला, "पुरे! संपव!"

"अडवताय, पाटील? मग पुढची मौत कुणाच्या घरी?"

पाटील दोन पावलं मागं सरला. भिकाजीनं काठी उगारली, तर असं म्हणतात, त्याचा हात वरच राहिला. तानीची माती झाली तरी ठमाई दारोदार गातच होती. गाव उपाशी, लेकरं रडकुंडीला आलेली.

तिसऱ्या दिवशी ती गात गात आडावर चढली. आता अडवणार कोण? तिनं दोराला हात घातला आणि असं म्हणतात, पाणीच उसळून काठाला आलं. महारवाड्यातल्या बाया घागरी घेऊन धावल्या. ठमाईनं आपली घागर तानीच्या मातीवर ओतली आणि गातच वेशीबाहेर गेली. आवाज ऐकू येईनासा झाला, तेव्हा कुठं गावात चुली पेटल्या.

अजूनही होळीच्या सकाळी आमच्या वस्तीत आधी चूल पेटत नाही. बाया आडावर जातात, स्वतः पाणी शेंदतात आणि जी ती आपली नवी ओवी म्हणते. कुणी पोरीनं विचारलंच, "आजी, संपला का गं सांगावा?" तर म्हातारी डाफरते, "एवढ्यात कसा संपेल? म्हण तुझी ओवी!"